घरगुती दारूगोळा: कृती, चाचणी आणि निष्कर्ष

पीक राखायला लागणारा दारूगोळा दोन प्रकारचा असतो: विकतचा आणि घरचा. विकतच्याला परवाना लागतो, पैसे लागतात आणि दुकानदाराची नोंद लागते. घरच्याला माती, पाणी आणि रिकामी दुपार एवढे पुरते. नांदेड-लातूर भागात या तिहींपैकी टंचाई असते ती फक्त पाण्याची. पण 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वर्षीही गुंडे वळायला पाणी कमी पडल्याची तक्रार कुणी केलेली नाही. माणूस अंघोळ टाळतो, गुंडा टाळत नाही.

हा घरचा दारूगोळा म्हणजे गोफणगुंडा. गोफण अंबाडीच्या किंवा सुताच्या दोरीची असते. मधे गुंडा बसेल असा विणलेला चपटा पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोऱ्या. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचे टोक त्याच हाताच्या चिमटीत धरायचे, डोक्यावर गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. गोफणीचे सगळे शास्त्र या नेमक्या क्षणात आहे आणि तो क्षण येऊन गेल्यावरच कळतो, ही या शास्त्रातली एकमेव उणीव आहे.

मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे गोफणगुंडे सापडले आहेत. म्हणजे घरी दारूगोळा करून त्याची चाचणी घेण्याचा नाद सिंधू संस्कृतीइतका जुना आहे, आणि 'आधी आंगण तरी झाडा' हे वाक्यही बहुधा तितकेच जुने असावे. आज या नादाची सर्वांत श्रीमंत शाखा अमेरिकेत आहे. तिथे स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. त्यामुळे गाडी ठेवायच्या खोलीत टेबलाला यंत्र ठोकून लोक झाडलेली पितळी काडतुसे पुन्हा भरत बसतात आणि रविवारी चांदमारीवर जाऊन कोणता भरणा चांगला, याचा निकाल लावतात. निकाल लागत नाही. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा जातात. मराठवाड्यातल्या गुंडेवाल्यांचे आणि या मंडळींचे कधी बोलणे झालेले नाही. झाले असते तर संपले नसते.

पहिली पायरी मातीची. मराठवाड्यात मातीला तोटा नाही, पण ती काळी आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी प्याले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. जी माती अख्खे शिवार फाडते तिच्यापुढे गुंड्याचा काय पाड! सकाळी गुळगुळीत वळून उन्हात ठेवलेला गुंडा संध्याकाळी तडकतो आणि दुसऱ्या दिवशी एकाचे दोन होतात. नवशिक्याला हा नफा वाटतो.

जाणकार म्हणून वारुळाची माती पसंत करतात. वाळवीने कण कण आणून लाळेने लिंपलेली ही माती बारीक आणि चिकट असते, सहसा तडकत नाही. अडचण एवढीच, की वारूळ वाळवीने बांधलेले असले तरी सध्या आत कोण राहते, याची पाटी बाहेर नसते. शिवाय गावात वारूळ पूजेचे. त्यामुळे घमेले घेऊन वारुळाकडे निघालेल्या माणसाला वाटेत उत्तरे द्यावी लागतात.

"काय करलालाव आबा, वारुळापाशी?"

"पाया पडलालो."

"पंचमी होऊन चार महिने झाले की."

"राहिलं होतं."

"आन घमेलं?"

"लई दिवसांचं राहिलं होतं."

दुसरी पायरी वळण्याची. प्राचीन काळचे तयार गोफणवाले गुंडा दोन्ही टोकांना निमुळता, बदामाच्या घाटाचा करत, कारण तो हवेत स्वतःभोवती फिरत नीट जातो. मराठवाड्यात तीन घाट प्रचलित आहेत: लिंबू, अंडे आणि होईल तो. घाट कोणताही असो, वळायला सपाट, गुळगुळीत, थोडी उंच अशी जागा लागते आणि प्रत्येक घरात अशी एकच जागा असते. तिच्यावर दिवसातून दोनदा भाकरी किंवा पोळी होते.

"पोळपाट कुठं गेलं?"

"हितंच हाय. जरा कामात हाय."

"कुठल्या कामात?"

"राखणीच्या."

यानंतर घरधनिणीकडून जे ऐकावे लागते त्याचा सारांश असा, की भिंतीला पोतेरे द्यायला चार घमेली माती आणा म्हटले तर ज्या माणसाची कंबर धरते, तोच माणूस दिवस मावळेपर्यंत उकिडवा बसून मातीचे लाडू वळू शकतो. म्हणजे दुखणे कमरेचे नाही. या निष्कर्षाला वैद्यकशास्त्राकडे अजून उत्तर नाही.

तिसरी पायरी भाजण्याची. चुलीच्या आरात भाजलेला गुंडा एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळा आणि आत ओला राहतो. कुंभाराच्या आव्यात भाजलेला चांगला होतो; पण कुंभाराला घागरी आणि पणत्यांमध्ये दोन-तीनशे गुंडे ठेवायला राजी करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. शिवाय आतून ओलसर गुंडा आव्यात फुटतो, तो एकटा फुटत नाही. शेजारच्या घागरींची भरपाई दिली, की घरच्या दारूगोळ्याचा दर विकतच्याच्या वर जातो. हा खर्च हिशेबात धरायचा नाही, असा घरगुती दारूगोळ्याचा जगभरचा संकेत आहे. अमेरिकेतही यंत्राची किंमत सोडून बाकी सगळे स्वस्त पडते.

चौथी पायरी वजनाची. इथे या नादाचे रूपांतर शास्त्रात, आणि माणसाचे रूपांतर त्रासात होते. एका वजनाचे गुंडे एकाच जागी पडतात, असे तत्त्व आहे. अमेरिकन मंडळी दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडाचे सात हजार ग्रेन होतात, म्हणजे एक ग्रेन साधारण 65 मिलिग्रॅम. त्याचाही दहावा भाग तोलून घेतल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. आपल्या सोनारी मापात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे ही माणसे गुंजेच्या सुमारे एकोणिसाव्या भागापर्यंत तोलून घेतात आणि मग गोळी झाडताना शिंकतात.

गावात असा काटा एकाच ठिकाणी असतो. तिथला संवाद ठरलेला असतो.

"किती भरलं शेठ?"

"चार तोळे, दोन मासे. काय आहे हे?"

"माती."

"माती दिसलालीच. आत काय आहे?"

"आतबी माती."

सोनार यावर काही बोलत नाही. त्याच्या धंद्यात लोक काहीही आणतात. मात्र शंभर गुंडे तोलून झाल्यावर त्यातले सारख्या वजनाचे सहाच निघतात आणि बाकीचे 'सरावाचे' ठरतात. हे सहा नंतर कधी वापरले जात नाहीत. ते चांगले असतात म्हणून जपून ठेवतात.

साठवणीबद्दल थोडक्यात. गुंडे गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवले तर लेकरे नेतात, ओसरीत ठेवले तर घरधनीण नेते, परसात ठेवले तर पावसाळा नेतो. टोपलीत ठेवलेल्या अंड्याच्या घाटाच्या गुंड्यांवर खुडूक कोंबडी बसते. तिला उठवणे हे पिकातल्या रानडुकराला उठवण्यापेक्षा अवघड आहे, कारण डुकराचा गैरसमज झालेला नसतो.

आता चाचणी. शास्त्रशुद्ध चांदमारी कशी असते हे पाहायला या भागातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिस्तीत, हुकमाबरोबर गोळी सुटते. गोफणवाल्याची चांदमारी म्हणजे बांध. तिथे हुकूम नसतो, सल्ले असतात आणि ते गोफण फिरत असताना दिले जातात.

दारूगोळ्याची खरी चाचणी घ्यायची तर माणसाला बाजूला ठेवावे लागते, हे नेमबाजीच्या खेळाने फार पूर्वी ओळखले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. या दर्जाच्या खेळात एकाच कारखान्यातली, एकाच नावाची काडतुसेसुद्धा खेपेगणिक तपासून घेतात. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, एका खेपेच्या गोळ्या झाडायच्या, कागदावरची भोके मोजायची, मग दुसरी खेप. जी खेप भोके सर्वांत जवळ पाडेल ती विकत घ्यायची. माणूस मधून काढला की बंदूक उत्तम चालते, हा या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. तो फारसा जाहीर करत नाहीत इतकेच.

गोफणीला शिकंजा नसतो. तिथे माणूसच यंत्र आहे, आणि तो नुकताच जेवून आलेला असतो. चाचणीसाठी लक्ष्य म्हणून पत्र्याचा डबा, बुजगावण्याचे मडके किंवा बांधावरची बाभूळ निवडतात. पहिला गुंडा फेकल्यावर लक्ष्य बदलते. जिथे गुंडा पडला तिथले ढेकूळ हेच मूळ लक्ष्य होते, असे फेकणारा सांगतो आणि ढेकूळ फुटलेले असल्यामुळे त्याची साक्ष घेता येत नाही.

गुंडा चुकला तर दोष कुणाचा, याची उतरती यादी ठरलेली आहे. प्रथम वारा. मग ऊन. मग दोरी, ती काल दवाने भिजली होती किंवा आज कडक वाळली आहे. मग गुंडा, तो हलका होता किंवा जड होता, आणि पुष्कळदा एकाच गुंड्याबद्दल दोन्ही तक्रारी होतात. शेवटी मागे उभा असलेला माणूस. "मागून बोललास म्हणून गेला," या वाक्याने कुठलीही चाचणी सन्मानाने संपवता येते. यादीत फेकणाऱ्याचे नाव नाही. बंदुकीच्या चांदमारीवरही हेच चालते. तीन गोळ्यांपैकी दोन जवळजवळ लागल्या आणि तिसरी वीतभर लांब गेली, तर ती तिसरी 'मोजायची नाही' असे ठरते. तिन्ही तीन दिशांना गेल्या तर भरणा बदलायचा. तिन्ही एका भोकातून गेल्या तर सगळ्या गावाला बोलवायचे आणि चौथी गोळी झाडायची नाही.

चाचणीची सार्वजनिक आवृत्ती येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला होते. मार्गशीर्ष सरताना येणाऱ्या या सणाला लातूर आणि आसपासची गावे ओस पडतात, कारण सगळा गाव रानात असतो. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, भाकरी, खीर आणि बिंदगीतले आंबील. ज्वारी नुकती निसवलेली असते, थंडी असते, आणि शहरातले पाहुणे आलेले असतात. जेवण झाले, की पुण्याहून आलेल्या जावयांची नजर कोपीच्या मेढीला टांगलेल्या गोफणीकडे जाते.

"हे काय, स्लिंग का?"

"गोफण हाय, पाव्हणं. पाखरं हाणायची."

"सोपंच दिसतंय की."

या वाक्यानंतर रानातले सगळे अनुभवी लोक उठून जावयांच्या मागे जाऊन उभे राहतात. पहिला गुंडा मागेच येतो. मग ते सगळे बाजूला जातात. दुसरा बाजूला येतो. तिसरा सरळ वर जातो आणि काही काळ तिथेच राहतो. चाळीस माणसे एकदम आभाळाकडे बघतात, सासूबाई डोक्यावर परात धरतात. चौथ्या वेळी गुंडा हातातच राहतो आणि गोफण जाते. ती बाभळीच्या शेंड्याला लागते. ती काढायला चढलेल्या मेव्हण्याला काटे मोजत संध्याकाळ होते. पाचवा, मेव्हणा उतरल्यावर, थेट बिंदगीला लागतो. नेम धरून इतका अचूक कुणाला लागला नसता. आंबील मातीत जाते आणि सासरे म्हणतात, "जाऊ द्या, गुंडा चांगला होता."

भूमध्य समुद्रातल्या बॅलिअरिक बेटांवरचे गोफणवाले प्राचीन काळी सर्वांत नामांकित होते आणि भाडोत्री सैनिक म्हणून दूरदूर जात. तिथल्या आया मुलांना लक्ष्यावर नेम लागल्याशिवाय भाकर देत नसत, असे जुन्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. मराठवाड्यात ही शिक्षणपद्धती रुजली नाही. इथली आई नेम लागला तरी भाकर देते, चुकला तरी देते आणि बिंदगी फोडली तर जावयाला वर तूप वाढते. नेमबाजीत मागे राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये शिशाचे गुंडे साच्यात ओतून त्यांच्यावर मजकूर उठवत. 'घे!' असा मजकूर असलेला एक गुंडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मराठवाड्यात गुंड्यावर काही लिहीत नाहीत. जे म्हणायचे ते तोंडाने, पाखराच्या आईवडिलांपर्यंत जाऊन म्हणतात, आणि तेवढा मजकूर गुंड्यावर मावलाही नसता.

नोंदवहीबद्दल. काडतुसे भरणारे प्रत्येक खेपेची तारीख, दारू, वजन, वारा, तापमान आणि निकाल लिहून ठेवतात. गोफणीच्या नोंदी आबांच्या डोक्यात असतात. 1972 च्या दुष्काळात त्यांनी एकाच गुंड्यात कोल्हा उठवला होता. तेव्हाचे अंतर नातू लहान असताना दोन वावरे होते, नातू कॉलेजात गेला तेव्हा चार वावरे झाले आणि आता मधे ओढा आला आहे. नोंदवही ठेवली असती तर ही प्रगती शक्य नव्हती. गोफणीने दगड फेकण्याचा गिनेस बुकातला गाजलेला विक्रम 437.10 मीटरचा आहे. 1981 साली अमेरिकेत लॅरी ब्रे याने 52 ग्रॅमच्या दगडाने तो केला. हे ऐकल्यावर आबा थोडा वेळ गप्प बसतात आणि विचारतात, "वाऱ्याकून का वाऱ्याविरुद्ध?"

विकतच्या दारूगोळ्याकडे वळायचे, तर या भागाला बंदुकीचे वावडे कधीच नव्हते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब इथे गुरू गोविंदसिंग यांच्या जतन केलेल्या शस्त्रांत तोड्याची बंदूकही आहे. उदगीरजवळ 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, तेव्हा इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्यांच्या बाजूला होता. तेव्हापासून उदगीरकडच्या माणसाचा डबा चुकला तरी तो या लढाईचा दाखला देतो.

शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र आली ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासायचे आणि शेवटी मागे टोपी बसवायची. एवढे होईपर्यंत डुकरांचा कळप एक सरी संपवून दुसरीला लागतो. घाईत माणूस काय काय विसरतो, याचा पुरावा अमेरिकन यादवी युद्धात मिळाला. 1863 साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. बहुतेक भरलेल्याच होत्या. सुमारे बारा हजारांत दोन-दोन भरणे होते आणि एकीत तेवीस. बार उडाला की नाही हे न बघता तो शिपाई पुन्हा पुन्हा ठासत राहिला. शाळेच्या वर्गाबाहेर ठासण्याचे एवढे मोठे उदाहरण दुसरे नाही.

1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 13 वाचले, तर पीकरक्षणासाठी कायद्याला मुळात अभिप्रेत आहे ती हीच ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, म्हणजे प्रत्यक्षात बारा बोअर. बारा बोअर म्हणजे ज्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरेल ती नळी. तिची काडतुसे खडकीच्या 1869 पासूनच्या दारूगोळा कारखान्यात 'शक्तिमान' नावाने होतात. झाडलेले काडतूस घरी पुन्हा भरायचा मोह इथेही होतो. पण त्याच अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे अमेरिकेत ज्या रिकाम्या काडतुसाचा दहा वेळा पुनर्जन्म होतो, ते मराठवाड्यात पहिल्याच जन्मी मुक्ती पावते आणि लेकरांची शिट्टी होते. शिट्टीने पाखरे उडतात, हे नोंदवण्यासारखे आहे.

बंदूक आली, काडतूस आले, तरी डुकराला मारता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला वन खात्याची परवानगी लागते. म्हणजे एक कागद बंदुकीचा, दुसरा डुकराचा. दोन्ही कागद एकाच वेळी हातात असलेला शेतकरी आणि एकाच जागी उभे असलेले डुक्कर यांची गाठ क्वचितच पडते. त्यात निवडणूक लागली की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असे करत बंदुकीचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यात जास्त होतो. आचारसंहिता डुकरांना लागू नाही. त्यांचा दौरा ठरल्याप्रमाणे चालू राहतो.

अशा परिस्थितीत बंदूक घरी असलीच, तर रात्री एकदा हवेत बार काढायचा मोह होतो. आवाजाने डुकरे पळतात आणि शेजारी जागा होतो. हवेत बार काढणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. जागा झाल्यावर तो तेच बोलतो. म्हणून लोक आवाज नसलेल्या उपायांकडे वळले आहेत. न्हाव्याकडून केसांची पोती आणून बांधावर पसरतात. सोयाबीनला चहूबाजूंनी जुन्या साड्यांचे कुंपण घालतात. या उपायाची मर्यादा वेगळी आहे.

"ही जांभळी कुठून आणली?"

"जुनीच हाय की."

"माझ्या भावानं दिल्याली हाय."

"डुकराला काय ठावं?"

"मला ठावं हाय ना!"

त्या रात्री शेताच्या एका बाजूला खिंडार पडते आणि डुकरे तिथूनच येतात.

आता सगळ्या दारूगोळ्याचा हिशेब एकत्र मांडता येतो. ठासणीची बंदूक असो की बारा बोअर, पिकाच्या राखणीत तिचा उपयोग आवाजापुरता उरतो. गोफणीचा आवाज तर मुळातच फुकट असतो. चिमूट सोडल्यावर दोरीचे मोकळे टोक हवेत फटकारा मारते, त्याचा फटाक्यासारखा आवाज होतो. चाबकाच्या आवाजाचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे: टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे 343 मीटरपेक्षा जास्त होतो. गोफणीच्या टोकाला शेतकऱ्याने अंबाडीचा झुपका लावला तो हे गणित न मांडता. हा आवाज आणि त्यामागून येणारी आरोळी ऐकूनच चिमण्या, साळुंक्या आणि पोपट उठतात. गुंडा ज्वारीवरून जाईपर्यंत पाखरे शेजारच्या वावरात उतरलेली असतात आणि शेजाऱ्याची आरोळी आली की परत येतात. दोन्ही शेतांत त्यांचे जेवण होते, मधे थोडा व्यायाम होतो.

म्हणजे गुंडा लागतच नाही. तरीही तो वळला जातो, भाजला जातो, सोन्याच्या काट्यावर तोलला जातो आणि त्याच्या घाटावरून दोन भाऊ एका धुऱ्यावर उभे राहून दिवसभर भांडतात. एरवी ते धुऱ्यावरूनच भांडले असते. अमेरिकेतल्या खोलीतही हेच चालू असते. काडतूस स्वस्त पडते म्हणून भरायला घेतात, स्वस्त पडले म्हणून दुप्पट झाडतात आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक यंत्र आणतात. स्वतःच्या हातचा माल स्वतःच नापास करायला माणूस तयार नसतो, म्हणून चाचणी संपत नाही. या विषयावर लेख लिहिणारे यात सर्वांत निरुपद्रवी समजावेत, कारण त्यांना गोफण फिरवता येत नाही.

गोफण घेणाऱ्याने म्हणून गुंडे मोजून न्यावेत, पाखरे मोजू नयेत. आणि येळवसेला रानात बोलावणे आले, तर आंबील आधी पिऊन घ्यावे. गोफणीला मग कुणी हात लावला तरी हरकत नाही.